तिरुपतीनंतर कोल्हापूर केलंच पाहिजे का? बालाजी, पद्मावती, अंबाबाई आणि एक जुना रुसवा

ताई, तुमचा प्रश्न बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही सासूबाईंना घेऊन तिरुपतीला जाऊन आलात. घाटातून उतरताना गाडीवाल्यानं सांगितलं, की बालाजीची लक्ष्मी रुसून कोल्हापूरला गेली, तीच अंबाबाई, आणि तिचं दर्शन घेतल्याशिवाय तिरुपतीचं फळ पदरात पडत नाही. सासूबाईंचंही तेच म्हणणं. पुढं तुमच्या कोल्हापूरच्या मैत्रिणीनं ठणकावलं, की अंबाबाई कुणाची रुसलेली बायको नाही, ती जगदंबा आहे. मधल्या मधे तुमच्या नववीतल्या मुलीनं विचारलं, "मग खोटं कोण बोलतंय?" आणि तुम्ही इथं विचारलंत, की खरी दंतकथा कुठली आणि कोल्हापूरला गेलंच पाहिजे का.

मी पंडित नाही. सत्तावीस वर्षं मिरज-कोल्हापूर भागातून यात्रा घेऊन दक्षिणेत जातो. कथा सांगणं हा धंद्याचाच भाग. रात्री जेवणं झाली की बसमधला माइक माझ्या हातात येतो. ही कथा मी शेकडो वेळा सांगितली आहे, पहिली काही वर्षं चुकीची सांगितली आहे आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली आहेत. एकदा तिरुचानूरच्या, म्हणजे पद्मावतीच्या देवळाच्या, वाटेवर मी रंगात येऊन दोन सवतींचं भांडण सांगत होतो. मागच्या सीटवरच्या शिवाजी पेठेतल्या एक आजी उठल्या, बसचा दांडा धरून पुढं आल्या आणि म्हणाल्या, "अहो, आमच्या आईला तुम्ही सवत करून टाकलीत की!" पुढच्या स्टॉपपर्यंत बसमध्ये कुणी बोललं नाही. घरी आल्यावर मी मूळ गोष्टी वाचायला, विचारायला सुरुवात केली. खाली लिहितो आहे ते त्यातलंच.

तुमची खरी अडचण अशी आहे, की "रुसलेली लक्ष्मी" या एका नावाखाली निदान चार निराळ्या कथा फिरतात आणि सांगणारा कुठली सांगतो आहे हे सांगत नाही. गाडीवाल्याची वेगळी, माहात्म्यातली वेगळी, तिरुचानूरची वेगळी, कोल्हापूरची वेगळी. चारींची सरमिसळ झाली की कुणीतरी खोटं बोलतंय असं वाटायला लागतं.

आधी माहात्म्यातली घेऊ, कारण बाकीच्या तिच्या आजूबाजूला आहेत. वेंकटाचल म्हणजे तिरुपतीचा डोंगर. त्याची महती सांगणारा वेंकटाचल माहात्म्य हा एका हातानं लिहिलेला ग्रंथ नाही. वराह, पद्म, स्कंद, भविष्योत्तर अशा पुराणांच्या नावानं चालत आलेले भाग त्यात एकत्र बांधले आहेत. तिरुमलेच्या, म्हणजे डोंगरावरच्या देवळातल्या, 1491 सालच्या एका शिलालेखात या माहात्म्याचा उल्लेख येतो, म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी ते देवळात रुळलेलं होतं. लग्नाची कथा येते ती मुख्यतः भविष्योत्तर पुराणाच्या नावावरच्या भागात.

ती अशी. ऋषी यज्ञ करतात आणि फळ कुठल्या देवाला द्यायचं यावर अडतात. परीक्षा घ्यायला भृगू निघतो. ब्रह्मदेव आणि शंकर नापास होतात. वैकुंठात विष्णू पहुडलेला असतो, भृगू सरळ त्याच्या छातीवर लाथ मारतो. विष्णू उलट त्याचेच पाय चेपतो, "लागलं तर नाही ना?" विचारतो. भृगू खूश, पण लक्ष्मीचा संताप होतो. छाती ही तिची राहायची जागा. परक्यानं तिथं लाथ मारली आणि नवरा त्याचेच पाय दाबतो आहे! ती उठते आणि करवीरला, म्हणजे आपल्या कोल्हापूरला, निघून जाते. तिच्याविना वैकुंठ ओस पडतं. विष्णू वेंकटाचलावर येतो आणि चिंचेच्या झाडाखालच्या वारुळात राहतो. चोळ राजाची गाय रोज वारुळावर पान्हा सोडते, गुराखी पाळत ठेवतो, रागानं कुऱ्हाड उगारतो, ती देवाच्या डोक्यात बसते.

हा तुकडा ऐकताना आपल्या लोकांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू येतं, कारण गाय, वारूळ आणि पान्हा ही कथा आपल्याकडे पाच-पन्नास ग्रामदैवतांची तरी आहे. तिरुमलेत मात्र त्या गुराख्याचा मान अजून चालू आहे. पहाटे गर्भगृहाचं दार उघडतं तेव्हा पहिलं दर्शन होतं ते सन्निधी गोल्ला म्हणवणाऱ्या यादव घराण्यातल्या माणसाला. ज्या जातीच्या माणसानं कुऱ्हाड मारली, पहिलं दर्शनही त्याच जातीच्या माणसाला. एवढी एक गोष्ट कळली तरी या देवाचं मूळ कुठल्या रानात आहे याचा अंदाज येतो.

पुढं हा विष्णू श्रीनिवास या नावानं वकुळादेवीच्या आश्रयाला राहतो. ही पूर्वजन्मीची यशोदा. कृष्णाची एवढी लग्नं झाली, पण एकही तिला पाहायला मिळालं नाही, म्हणून या जन्मी मुलाचं लग्न लावायचा मान तिचा. नारायणवनम् इथल्या आकाशराजाची मुलगी पद्मावती श्रीनिवासाला आवडते. तो एरुकल बाईचं, म्हणजे टोपली घेऊन भविष्य सांगत हिंडणाऱ्या बाईचं, सोंग घेऊन तिच्या आईकडे जातो आणि "मुलीचं लग्न वेंकटाचलावरच्या त्या मुलाशीच लावा" असं स्वतःचंच स्थळ सांगून येतो. लग्नाला पैसा नाही म्हणून कुबेराकडून कर्ज. आकडा 1 कोटी 14 लाख मोहरांचा सांगतात.

आता इथं बसमधली कथा आणि माहात्म्यातली कथा एकमेकींपासून फुटतात. माझी चूक इथंच झाली होती. माहात्म्यात श्रीनिवास लग्नाआधी अडून बसतो, लक्ष्मी आल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही म्हणतो. तिला आणायला सूर्याला करवीरला पाठवलं जातं आणि चक्क खोटं सांगायला लावलं जातं, की श्रीनिवास आजारी आहे, अंगात त्राण उरलेलं नाही. ती धावत येते. येऊन भांडत नाही, उलट लग्न लावून देते. पद्मावती ही पूर्वीची वेदवती. रावणानं पळवली ती खरी सीता नव्हती, तिच्या जागी ही होती, अशी ती कथा. त्या उपकारापोटी तिच्याशी लग्न करावं असं तेव्हा सीतेनंच रामाला सुचवलं. रामाचं एकपत्नीव्रत असल्यामुळे ते कलियुगावर गेलं. सीता म्हणजे लक्ष्मीच, म्हणून या कथेत लक्ष्मी स्वतःच शब्द टाकलेल्या लग्नाला कोल्हापुराहून आलेली घरची बाई आहे. लग्नानंतर ती परत करवीरला जाते, पण रुसून नाही.

मग दोन बायका समोरासमोर आल्या, कडाक्याचं भांडण झालं आणि वैतागून देव दगडाचा झाला, हे कुठून आलं? लोकांच्या तोंडून. कॅलेंडरं, सिनेमे, पायऱ्यांवर विकली जाणारी पातळ पुस्तकं यांनी ते पक्कं केलं. मी तिला खोटी म्हणणार नाही. घरोघरच्या बायकांना ती पटते, कारण त्यांनी असलं घर पाहिलेलं असतं. आणि उभा, निश्चल देव बघून "हा दगड का झाला असेल" हा प्रश्न पडणंही साहजिकच आहे. पण ती माहात्म्यात आहे असं सांगू नये, एवढंच.

तिसरी कथा तिरुचानूरची. तिरुपती शहरापासून पाचेक किलोमीटरवर पद्मावतीचं देऊळ आहे. यात्रेकरू म्हणतात "खालची देवी". तमिळ-तेलुगू माणूस म्हणतो अलमेलु मंगा, म्हणजे फुलावर बसलेली. तिथल्या परंपरेत पद्मावती ही कुणा राजाची वेगळी मुलगी उरत नाही. रुसून गेलेली लक्ष्मीच ती. देवानं स्वर्णमुखी नदीच्या काठी तळं खोदलं, कमळं लावली, बारा वर्षं तप केलं, तेव्हा कार्तिक शुद्ध पंचमीला ती सोन्याच्या कमळातून वर आली. म्हणून पंचमीतीर्थाला त्या पद्मसरोवरात बुडी मारायला माणसांचा समुद्र लोटतो आणि डोंगरावरून तिच्यासाठी साडी, दागिने, हळद-कुंकू वाजतगाजत खाली येतं. या देवळाबाहेर मी एका फुलवालीला एकदा मोडक्या तेलुगूत म्हटलं होतं, की लक्ष्मी आमच्याकडे कोल्हापूरला आहे. तिनं गजरा बांधता बांधता मान वर न करता सांगितलं, "अम्मा इथंच आहे. कुठं गेली नाही." मी गजरा घेतला आणि गप्प बसलो.

तिचं म्हणणं जुनंही आहे. नम्माळवार हा तमिळ वैष्णव संत, साधारण आठव्या-नवव्या शतकातला. तिरुवेंगडमच्या, म्हणजे याच डोंगरावरच्या, देवाला तो हाक मारतो ती अशी, की "क्षणभरही दूर होणार नाही म्हणत कमळावरची ती ज्याच्या छातीवर राहते, असा तू." म्हणजे तिरुमलेच्या जुन्या स्तोत्रात लक्ष्मी हलतच नाही, आणि नंतरच्या कथेत ती रुसून निघून जाते. गंमत म्हणजे भागवतातही, दहाव्या स्कंधाच्या एकोणनव्वदाव्या अध्यायात, भृगूची हीच लाथ आहे, पण लक्ष्मी तिथंही कुठं जात नाही. उलट विष्णू म्हणतो, की तुझ्या पायानं माझं पाप गेलं, आता लक्ष्मी माझ्या छातीवर कायमची राहील. आपल्या कीर्तनात श्रीवत्सलांछन म्हणतात ती खूण. लाथ तीच, ऋषी तोच, परिणाम मात्र नेमका उलटा! तिरुमलेच्या मूर्तीच्या वक्षस्थळावरही लक्ष्मी कोरलेली आहे. डोंगरावरच्या देवाची लक्ष्मी कागदावर करवीरला असेल, दगडात ती त्याच्या छातीवरच आहे.

आता कोल्हापूर. तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. अंबाबाईच्या हातांत महाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, मस्तकावर नाग, लिंग आणि योनी, मागं सिंह. दुर्गा सप्तशतीबरोबर वाचतात त्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीच्या हातांतल्या आणि मस्तकावरच्या खुणांचं वर्णन शब्दशः असंच आहे, आणि ती महालक्ष्मी म्हणजे विष्णूचे पाय चेपणारी नव्हे. ती सगळ्यांच्या आधीची. तिच्यापासून महाकाली आणि महासरस्वती होतात, विष्णूची लक्ष्मीसुद्धा तिच्यापासूनच निर्माण होते. करवीर माहात्म्यात ती कोल्हासुराला मारते, त्यावरून गावाचं नाव. या नजरेनं पाहिलं तर अंबाबाईला बालाजीची बायको म्हणणं म्हणजे आजीला सून म्हणण्यासारखं आहे. आजी बसमध्ये चिडल्या त्या यावरच.

पण एवढ्यावर हिशोब मिटत नाही. महालक्ष्मी हे नाव कोल्हापुरात काल-परवा आलेलं नाही. शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत महालक्ष्मीच्या वरप्रसादानं राज्य लाभल्याचं बिरुद मिरवत. नाव लक्ष्मीचं असलं, की विष्णू आज ना उद्या जवळ येणारच. देवळात जाऊन उभं राहा. देवीच्या मागं सिंह, समोरच्या अंगाला गरुड मंडप, आणि गर्भगृहाच्या वरच्या मजल्यावर मातुलिंग, म्हणजे शंकराची पिंड. शाक्त, वैष्णव, शैव तिघांनीही आपापली खूण सोडली आहे. "अंबाबाई की महालक्ष्मी" यावर कोल्हापुरात जोरदार वाद झाले आहेत. मी त्यात पडत नाही. माझ्या बसमध्ये दोन्ही म्हणणारी माणसं असतात आणि मला सगळ्यांना परत आणायचं असतं.

आता माझ्या अनुभवातून जे दिसतं ते सांगतो. या कथा नुसत्या वाचल्या तर परस्परविरोधी वाटतात, पण देवळादेवळांतून चालत गेलं तर दिसतं, की "रुसणं" हे एक काम करतं. देव एका ठिकाणी आणि देवी दुसऱ्या ठिकाणी अशी परिस्थिती जिथं आहे, तिथं लोक म्हणतात, ती रुसली.

लांब जायला नको. पंढरपुरात रुक्मिणीचं देऊळ वेगळं का? राधेला कृष्णाजवळ बघून ती द्वारकेहून रुसून दिंडीरवनात आली, आणि तिला शोधत तो आला म्हणून. खुद्द कोल्हापुरात काय? त्र्यंबोली म्हणजे टेंबलाई गावाबाहेरच्या टेकडीवर एकटी का? दैत्य मारताना तिची मोठी मदत झाली, पण विजयाच्या सोहळ्यात तिला बोलवायचं राहिलं, ती रुसून टेकडीवर जाऊन बसली. म्हणून नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी तिची समजूत काढायला टेकडीवर जाते आणि कोहळा फुटतो. ज्या कोल्हापुराला "आमची आई कुणावर रुसून आलेली नाही" म्हणायचं असतं, त्याच कोल्हापुरात आईवर रुसलेली बहीण आहे.

विठ्ठल आणि व्यंकटेश यांच्यातलं हे साम्य संशोधक रा. चिं. ढेरे यांनी फार खोलात जाऊन मांडलं आहे. दोघेही मुळात गुराख्या-धनगरांच्या रानातले, दोघांनाही नंतर वैष्णव घरात मोठं स्थान मिळालं, दोघांची बायको वेगळ्या देवळात. मला त्यांच्याइतकं कळत नाही, पण एक मी शेकडो यात्रांत पाहिलं आहे. रुसवा असला की समजूत काढायला जावं लागतं, आणि समजूत काढायला जायचं म्हटलं की दोन देवळांमध्ये रस्ता तयार होतो. पंचमीची पालखी त्या रस्त्यानं जाते, तिरुचानूरची साडी त्या रस्त्यानं उतरते. आणि दरवर्षी नवरात्रात तिरुमला देवस्थानाकडून अंबाबाईला शालू येतो, तोही त्याच रस्त्यानं. शालू आला की कोल्हापुरात वृत्तपत्रांत फोटो छापून येतो, आणि त्या दिवशी "ती बायको नाही" म्हणणारी माणसंसुद्धा शालू बघायला रांगेत असतात. मी स्वतः पाहिलं आहे.

कर्जाचंही असंच. कुबेराचं मुद्दल कलियुग संपेपर्यंत फिटायचं नाही, तोवर देव व्याज भरतोय आणि आपण हुंडीत टाकतो ते त्या व्याजात जमा. तेलुगूत त्याला प्रेमानं "वड्डीकासुलवाडु" म्हणतात, म्हणजे व्याजाच्या पैशांचा धनी. खाली तिरुपतीत गोविंदराजाच्या देवळात देव आडवा झोपलेला आहे आणि डोक्याखाली धान्य मोजायचं माप आहे. का, तर हा थोरला भाऊ, हुंडीचे पैसे मोजून मोजून दमला. कर्ज एकदाचं फिटलं असतं तर उद्यापासून घाट चढायचं कारण काय उरलं असतं? न मिटलेला रुसवा आणि न फिटलेलं कर्ज, दोन्ही खाती उघडी ठेवलेली आहेत.

विषय निघालाच आहे तर एक आडवळण. तिरुमलेत महाद्वारातून आत जाताना उजव्या भिंतीवर वर एक पहार अडकवलेली आहे. रांगेच्या रेटारेटीत शंभरातल्या नव्वद जणांना ती दिसत नाही. रामानुजाचार्यांचा शिष्य अनंताळवार देवाच्या फुलबागेसाठी तळं खणत होता, गरोदर बायको माती वाहत होती. एक पोरगा मदतीला आला, तिची पाटी उचलू लागला. अनंताळवाराला सेवेत वाटेकरी नको होता. त्यानं रागानं पहार फेकून मारली, पोराच्या हनुवटीला लागली. देवळात जाऊन बघतो तर मूर्तीच्या हनुवटीतून रक्त. म्हणून आजही हनुवटीवर कापूर लावतात, आणि फोटोत तुम्ही जो पांढरा ठिपका बघता तो हा. मी लोकांना आदल्या रात्री ही गोष्ट सांगतो आणि म्हणतो, महाद्वारात मान उजवीकडे वर करा. बाहेर आल्यावर ज्यांना दिसली त्यांचे चेहरे निराळे असतात. केशदानाचंही तसंच. कुऱ्हाडीनं जिथले केस गेले तिथं नीलादेवीनं आपले केस लावले, म्हणून कल्याणकट्ट्यावर आपण डोकं भादरून देतो. लोकांच्या लक्षात राहते ती अशी बोट ठेवता येईल अशी गोष्ट.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

"तिरुपतीनंतर कोल्हापूर नाही केलं तर फळ नाही" असा दंडक मला कुठल्याही माहात्म्यात सापडलेला नाही, आणि तिरुमलेतलं कुणी तसं सांगतही नाही. तिथला स्थानिक दंडक निराळाच आहे: स्वामी पुष्करिणीच्या काठी वराहस्वामींचं देऊळ आहे, आधी त्याचं दर्शन, मग वेंकटेश्वराचं. कारण डोंगर मुळात वराहाचा. श्रीनिवासानं राहायला जागा मागितली, भाडं द्यायला पैसे नव्हते, म्हणून पहिलं दर्शन आणि पहिला नैवेद्य तुझा असं ठरलं. आपली मराठी माणसं नेमका हाच नियम चुकवतात आणि नसलेला नियम पाळायला बारा-पंधरा तास प्रवास करतात. मला याचं नेहमी हसू येतं. धंदा माझाच होतो म्हणा.

कोल्हापूरचा टप्पा ही रीत आहे. आपल्या भागात, उत्तर कर्नाटकात आणि आता आंध्र-तेलंगणातूनही लोक ती पाळतात. पाळावी की नाही हे तुमच्या घरावर आहे. सासूबाई नवस बोलताना "दोन्हीकडे येईन" बोलल्या असतील तर जायला हवं, तिथं माझं पांडित्य चालायचं नाही. तुमचं कुलदैवतच बालाजी असेल, मराठवाडा-विदर्भातल्या बऱ्याच घरांचं असतं, तर घरातल्या थोरांना विचारा. कित्येक घरांत गिरीहून, म्हणजे तिरुपतीहून, आल्यावर देऊळगाव राजाला किंवा आपल्या गावच्या बालाजीला जाऊन आलं की झालं, अशी चाल आहे. नवस नाही, कुळाचार नाही, फक्त गाडीवाल्यानं सांगितलं म्हणून मनाला टोचतं आहे, एवढंच असेल तर टोचू देऊ नका. तिरुचानूर झालं असेल तर स्थानिक परंपरेनं देवीचं दर्शन झालंच.

मुलीला काय सांगायचं? मी मुलांना एक सोपी युक्ती सांगतो. कथा ऐकली की विचारायचं, सांगणारा कुठं उभा आहे. तिरुमलेच्या डोंगरावर उभा राहून सांगणाऱ्याची लक्ष्मी दूर गेलेली असते, कारण त्याला देवाचं एकटेपण सांगायचं असतं. तिरुचानूरच्या तळ्याकाठी उभा असेल त्याची लक्ष्मी तिथंच वर आलेली असते. कोल्हापुरात उभा असेल तर ती कुणाकडून आलेलीच नसते, तीच पहिली. नम्माळवाराच्या शेजारी उभे राहिलात तर ती कधी हललीच नाही. मग मुलीनं चौघांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवावेत. नववीतल्या मुलीला हे छान जमेल, आणि इतिहासाच्या वहीत असतं त्यापेक्षा जास्त समजेल. तिनं अजून खणलं तर तिला बीबी नांचारीही भेटेल, देवाची मुसलमान बायको. आंध्रातल्या देवुनी कडपा इथल्या वेंकटेश्वराच्या देवळात उगादीला मुसलमान बायाबापे दर्शनाला येतात ते तिच्या नात्यानं, माहेरचं माणूस म्हणून.

राहता राहिली रेल्वे. कोल्हापूर ते तिरुपती जी गाडी धावते तिचं नाव हरिप्रिया एक्सप्रेस. हरिप्रिया म्हणजे हरीची लाडकी, लक्ष्मी. म्हणजे या वादात रेल्वेनं केव्हाच एक बाजू घेतलेली आहे. माझ्या त्या शिवाजी पेठेतल्या आजींना मी हे परतीच्या गाडीत सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "नाव काय, कुणीबी ठेवतंय. गाडी येती कुठं ते बघा. कोल्हापुरातच येती न्हवं?"

तेव्हा सासूबाईंना न्यायचं ठरलंच तर घाईनं गाडी करून जाऊ नका. नवरात्रात शालू बघायची इच्छा असेल तर जरूर जा, फक्त ललिता पंचमीचा दिवस टाळा. त्या दिवशी सगळं गाव टेंबलाईच्या टेकडीवर लोटलेलं असतं आणि म्हाताऱ्या माणसाला ती गर्दी झेपत नाही. एरवी साधा कामकाजाचा दिवस गाठा, पहाटे लवकर जा, आणि आत जाण्याआधी देवळाला बाहेरून एक चक्कर मारा. पुढच्या वेळी पुन्हा तिरुपतीला निघालात तर हरिप्रियेचं खालचं बर्थ आधीच बघून ठेवा. त्यांचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय.